कोणाला न सांगणारा ब्राउझर

“आता फक्त ब्राउझर राहिला,” असं वामनराव सोमकुवर एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले. मध्य प्रदेशातल्या सौसरच्या त्या घरात तेव्हा या वाक्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मंगलाबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांना शाळेत शिकवायला जायची घाई होती, आणि नवऱ्याच्या तोंडचा ‘फक्त’ किती महाग पडतो हे माहीत असूनही त्या गाफील राहिल्या. याआधी ‘फक्त नळाची तोटी बदलायची आहे’ म्हणून वामनरावांनी न्हाणीघराची भिंत पाडली होती.

वामनराव दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात असताना त्यांनी अख्ख्या तालुक्याचे फोन जोडले आणि कोणाचं बोलणं कधी ऐकलं नाही, याचा त्यांना फार अभिमान. निवृत्तीनंतर हा अभिमान रिकामा बसून होता. तेवढ्यात एका बँकेनं आपले जुने कॉम्प्युटर सौसरच्या सार्वजनिक वाचनालयाला देऊन टाकले. यंत्रं इतकी म्हातारी, की नवी विंडोज त्यांच्यावर चढायला तयार नव्हती. वाचनालयवाले ती भंगारात काढणार, तर वामनराव आडवे पडले. म्हणाले, “मी लिनक्स टाकून देतो.”

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची व्यवस्था. ती कोणीही उघडून पाहावी, आपल्या सोयीनं बदलावी आणि आपलं नाव देऊन वाटावी. अशा नाव दिलेल्या बांधणीला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. वामनरावांनी एका भल्या डिस्ट्रिब्यूशनचा पाया घेतला, म्हाताऱ्या यंत्रांना न झेपणारं सगळं उपसून काढलं, मराठी आणि हिंदीचे कीबोर्ड बसवले, पडद्यावर संत्र्याच्या फुलांचा फोटो लावला आणि नाव ठेवलं ‘बहार’. वर्षात दोन आवृत्त्या काढायच्या, एक आंबिया आणि एक मृग, संत्र्याच्या दोन बहरांच्या नावांनी. संत्र्याच्या मुलखात आवृत्ती म्हणजे काय हे मग कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आंबिया बहार संपला की मृगाचा येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आंबिया तयार होती. राहिला होता तो फक्त ब्राउझर, म्हणजे ज्यातून इंटरनेट पाहायचं ती खिडकी. बहार टाकल्यावर आपोआप कोणता ब्राउझर उघडावा, एवढंच ठरवायचं होतं.

“एवढंच नाही,” वामनराव मंगलाबाईंना म्हणाले. “माणूस लग्नात मिळालेलं घड्याळ बदलतो, पण आधीच बसवून दिलेलं डीफॉल्ट बदलत नाही. आपण जो देऊ तोच तो जन्मभर वापरणार. ही जबाबदारी आहे.”

“गॅस बंद करा, दूध वर आलं,” मंगलाबाई म्हणाल्या.

सल्ले तर मागायच्या आधीच यायला लागले. शेजारचे रघुनाथराव धारपुरे संत्र्याचे जुने व्यापारी. बागेत उभं राहून नुसत्या नजरेनं झाडावरचा माल सांगणारे, आवाज असा की लिलावात माईक लागत नसे. ते कुंपणापलीकडून म्हणाले, “वामनराव, कायले डोकं पिकवून राहिले? सारी दुनिया जो वापरून राहिली, तोच टाका ना!”

“तो चुगलखोर आहे जी.”

“काय आहे?”

“चुगलखोर! तुम्ही काय पाहिलं ते कंपनीला सांगतो!”

“मंग सांगू द्या ना! मी फवारणीचं औषध पाहिलं तं मले औषधाचीच जाहिरात दाखवते. आपला मुनीम एवढं ध्यान ठेवत नाई.”

यावर वामनरावांकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं आणि रघुनाथरावांना हल्ली लांबचं नीट ऐकू येत नसे. शेवटी ‘पक्कं ठरेपर्यंत चालू द्या’ म्हणून वामनरावांनी वाचनालयाच्या कॉम्प्युटरांवर तोच, साऱ्या दुनियेचा ब्राउझर टाकून दिला आणि घरी परीक्षा मांडली.

परीक्षा सोपी होती. एका पडद्यावर ब्राउझर उघडायचा आणि हात मागे बांधून बसायचं. दुसऱ्या पडद्यावर एक प्रोग्राम लावलेला, यंत्रातून कोणता निरोप बाहेर कुठे गेला हे तो ओळीनं दाखवतो. आपण काहीच विचारलेलं नाही, तरी कोण कोण कोणाकोणाशी बोलतो ते पाहायचं.

पहिला ब्राउझर उघडला आणि ओळींवर ओळी पळायला लागल्या. मंगलाबाई कंगवा हातात घेऊन पाहत उभ्या राहिल्या.

“हे काय होऊन राहिलं?”

“तो उठलाय हे तो सगळ्यांना सांगून राहिला.”

“अन् आपण तं अजून काईच नाई केलं!”

“तेच तर!”

दुसऱ्याचं नाव वामनरावांनी ‘जावई’ ठेवलं. तो चुगली कमी करायचा, पण आल्या आल्या यंत्राची सगळी मेमरी मागून बसायचा, आणि म्हातारं यंत्र त्याची सरबराई करता करता बंद पडायचं. तिसरा ‘संन्यासी’. हा कोणाशी म्हणजे कोणाशी बोलायचा नाही. बातम्या उघडायचा नाही, बँक उघडायचा नाही, चित्रं दाखवायचा नाही. त्याच्यात एकदा वामनरावांनी पेन्शनचं पान उघडलं, तर पांढऱ्या पडद्यावर नुसतं ‘कृपया’ एवढंच आलं.

शेवटी त्यांनी स्वतःच एक घडवायला घेतला. मुक्त स्रोताचा, म्हणजे कोणीही उघडून बदलावा असा एक चांगला ब्राउझर घेतला, त्याचं बाहेर अहवाल पाठवणं बंद केलं, जाहिराती आणि पाळत अडवणारी गाळणी आत बसवली, आणि खिडकी बंद केली की मागचं सगळं विसरून जायचं असा नियम घातला. पहिली परीक्षार्थी म्हणून मंगलाबाईंना बसवलं. त्यांनी शाळेच्या पोर्टलवर साऱ्या वर्गाची माहिती भरत आणली आणि भाजी करपल्याच्या वासानं घाबरून खिडकी बंद केली. परत आल्या तर ब्राउझरनं त्यांना ओळखच दाखवली नाही.

“तुमच्या ब्राउझरले काईच याद राहत नाई!” त्या संतापून म्हणाल्या.

“हेच तर पाहिजे होतं,” वामनरावांचा चेहरा फुलला.

“मंग नवीन काय बनवलं? असा एक आमच्या घरात आधीपासून आहे.”

वामनराव दुखावले. मात्र त्याच दुपारी ब्राउझर बंद होण्याआधी ‘खरंच बंद करू का?’ असं विचारायची सोय त्यांनी बसवली, आणि ती मंगलाबाईंमुळे आहे हे कोणाला सांगितलं नाही.

इथपर्यंत हा सगळा हौसेचा मामला होता. मग वाचनालयात ते झालं.

रघुनाथराव एक दिवस दुपारी, गर्दी नसताना, वाचनालयात जाऊन कॉम्प्युटरवर बसले. घरी सुनेचा मोबाइल होता, पण तिथं पाहायचं नव्हतं. त्यांनी कानाच्या मशीनची माहिती काढली. कोणती चांगली, बाहेरून किती दिसते, केसांखाली झाकता येते का. गुपचूप पाहिलं आणि उठून आले. संत्र्याच्या सौद्यात व्यापारी दर कुजबुजत बोलतात. ज्याला कुजबुज ऐकू येत नाही तो व्यापारी संपला, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत स्वतः पाहिलं होतं.

त्यांच्यामागून त्याच खुर्चीवर मंडईतला एक अडत्या कापसाचे भाव पाहायला बसला. भावाच्या डावीकडे कानाची मशीन, उजवीकडे कानाची मशीन, खाली ‘आता आवाज स्पष्ट ऐका’. आपल्याआधी कोण बसलं होतं, एवढंच त्यानं वाचनालयात विचारलं. संध्याकाळपर्यंत मंडईतला प्रत्येक माणूस रघुनाथरावांशी ओरडून, सावकाश आणि प्रेमानं बोलायला लागला.

शिव्या दिल्या असत्या तर रघुनाथरावांनी परत दिल्या असत्या. या प्रेमाचं काय करावं त्यांना समजेना. ते दोन दिवस सौद्यालाच गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हळू आवाज वामनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, “वामनराव, मी तं फक्त पाहिलं होतं जी. कोणाले सांगितलं नव्हतं.”

बहार वामनरावांची होती. रातोरात कोणी दुसऱ्यानं त्यात ब्राउझर टाकला नव्हता. ते तसेच उठले, वाचनालयात गेले, प्रत्येक यंत्रावरून साऱ्या दुनियेचा ब्राउझर काढला आणि आपला बसवला. आणि परत येताना त्यांनी ठरवलं की आता गोष्ट सौसरवर थांबवायची नाही, जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांत हाच जायला पाहिजे.

जिल्हा नवा, पांढुर्णा त्याचं ठाणं, आणि वाचनालयांचं सगळं तिथली एक समिती पाहत असे. वामनरावांनी शुद्ध हिंदीत अर्ज लिहिला. विषय: ‘गोपनीयता का सम्मान करने वाले ब्राउज़र के संबंध में’. या विषयावर ते स्वतःच इतके खूश झाले की त्यांनी तो मंगलाबाईंना दोनदा वाचून दाखवला आणि पाकिटावरही ठळक लिहिला.

बरेच दिवस उत्तर नाही. शेवटी ते बस धरून पांढुर्ण्याला गेले. समितीच्या कार्यालयात दिलीप नावाचा बाबू टपाल पाहायचा. तो म्हणाला, “काका, तुमचा अर्ज आला. एकदम सुरक्षित आहे.”

“सुरक्षित म्हणजे?”

“वर ‘गोपनीय’ लिहिलं होतं ना, म्हणून आमी उघडलाच नाई. सील करून गोपनीयच्या कपाटात ठेवला. तो फक्त अध्यक्षसाहेबच उघडू शकतात.”

“मग त्यांनी उघडला?”

दिलीपनं इकडेतिकडे पाहिलं. “ते घाबरून राहिले. त्यांले वाटते त्यांच्याच खिलाफ तक्रार असन.”

गोपनीय आणि गोपनीयता यांतला फरक समजावून सांगायला वामनरावांना एक अख्खी दुपार आणि दोन चहा लागले. पण त्यातून एक फायदा झाला. आपल्याविरुद्ध तक्रार नाही हे कळल्यावर अध्यक्ष इतके मोकळे झाले, की त्यांनी ताबडतोब बैठक लावली. अट एकच, सोबत एक वाचक प्रतिनिधी आणायचा.

“मी येतो,” रघुनाथराव म्हणाले.

बैठकीच्या दिवशी वामनरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. मंगलाबाईंनी सुट्टी टाकली नाही, पण दाराशी येऊन कॉलर सरळ केली, यावरून प्रसंग ओळखावा. बसमध्ये वामनराव मांडीवर एक म्हातारा लॅपटॉप धरून बसले होते, आणि रघुनाथराव शेजारच्या प्रवाशाला, म्हणजे पर्यायानं साऱ्या बसला, सांगत होते, “हे आमचे वामनराव. यायनं कंप्युटरची जात बनवली!”

अध्यक्ष कुलदीप बाबू उमदे गृहस्थ होते. सभासद होते, भजी होती. वामनरावांनी लॅपटॉप लावला, भिंतीवर संत्र्याची फुलं उमटली आणि खोलीत ‘वा’ झालं. त्यांनी परीक्षा करून दाखवली. ब्राउझर उघडला, हात मागे बांधले. दुसऱ्या बाजूला एकही ओळ उमटली नाही. त्या रिकाम्या पडद्याकडे वामनराव असे पाहत होते, जसं कोणी मुलीच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहावं.

“बहुत बढ़िया,” कुलदीप बाबू म्हणाले. “ज़रा अपनी समिति की वेबसाइट खोलिए.”

वामनरावांनी उघडली. निविदा दिसल्या, सूचना दिसल्या, वाचनालयांची नावं दिसली. वर मात्र एक भली मोठी पांढरी जागा होती.

“और मैं?” कुलदीप बाबूंनी विचारलं.

कोणाला कळेना. तेव्हा दिलीपनं आपल्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडून दाखवलं. तिथं त्या जागी अख्ख्या रुंदीचे कुलदीप बाबू होते, गळ्यात झेंडूचा हार, हात जोडलेले, मागे वाचनालय. वामनरावांच्या पडद्यावर वाचनालय नव्हतं, हार नव्हता आणि अध्यक्षही नव्हते.

वामनरावांनी लॅपटॉप पुढे ओढला. ते घाईघाईनं पानाच्या आतलं लिखाण चाळायला लागले आणि एका ओळीशी थांबले. अध्यक्षांच्या फोटोच्या फाइलचं नाव होतं ‘एडी-बॅनर’.

“हे नाव कोणी दिलं?”

“मीच जी,” दिलीप म्हणाला. “अध्यक्षचं एडी. शॉर्टमधे.”

वामनरावांनी डोळे मिटले. इंग्रजीत ए आणि डी मिळून ‘ॲड’ होतं, म्हणजे जाहिरात. गाळणीनं नाव वाचलं, जाहिरातीचा फलक समजली आणि उचलून बाहेर टाकलं. तिनं आपलं काम चोख केलं होतं. हे सभेला समजावून सांगणं भाग होतं आणि ते त्यांनी शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. तरी एका सभासदाला भजं घशात अडकल्यासारखा ठसका लागला आणि तो बाहेर गेला.

“मतलब,” कुलदीप बाबू सावकाश म्हणाले, “मैं विज्ञापन हूँ?”

“नाही साहेब, ब्राउझरला तसं वाटलं.”

“दूसरा लगा दीजिए. वही, जो सब चलाते हैं. बाक़ी आपका सब अच्छा है. मैं अभी पास कर देता हूँ, पूरे ज़िले के लिए.”

पूर्ण जिल्हा! पांढुर्णा, मोहगाव, गावोगावची वाचनालयं, सगळीकडे संत्र्याची फुलं. ब्राउझर तेवढा बदलायचा. वामनरावांचा हात लॅपटॉपकडे गेलाही. तिथंच तो थांबला. त्यांना वाटलं आपण काहीतरी ठाम, सभेला शोभेल असं बोलावं, पण तोंडातून एवढंच निघालं, “ते नाही होणार साहेब.”

“क्यों नहीं होगा?”

आणि रघुनाथराव उठले. त्यांनी किती ऐकलं होतं देव जाणे, पण वामनरावांचा चेहरा त्यांना ऐकू आला असावा.

“अध्यक्षसाब, मी काय म्हणतो ते ऐका,” ते म्हणाले, आणि बाहेर गेलेला सभासदही आत आला, कारण बाहेरही तेवढंच ऐकू येत होतं. “मी बहिरा झालो. कमी ऐकू येते मले. साऱ्या मंडईले समजलं, अन् मी कोणालेच सांगितलं नव्हतं. तुमच्या त्या ‘सब चलाते हैं’नं सांगितलं. आज मी तुमाले माह्या तोंडानं सांगून राहिलो. सांगाचं का नाई, कोणाले सांगाचं, ते मी ठरवीन. कंप्युटर कोण होते सांगणारा?”

ते बसले. वामनरावांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. कुलदीप बाबूंनी भज्यांची बशी बाजूला सारली. मग त्यांनी विचारलं, “काका, मशीन लगवाई?”

“काय?”

“मशीन! लगवाई कि नहीं?”

“नाई लावली.”

“लगवा लीजिए,” कुलदीप बाबू म्हणाले. “मेरे पिताजी भी नहीं मानते थे. दस साल हम सब चिल्लाते रहे.” आणि दिलीपकडे वळून म्हणाले, “मेरा नाम बदलो. फ़ाइल का.”

फाइलचं नाव बदलायला भोपाळच्या ठेकेदाराची परवानगी लागली, ती यायला पावसाळा उजाडला, आणि ठेकेदारानं पहिल्या खेपेला चुकून कुलदीप बाबूंच्या जागी निविदांची यादीच मोठी करून ठेवली. पण झालं. अध्यक्ष हारासकट बहारमध्ये प्रकट झाले आणि मंजुरीचा कागद निघाला. त्यात लिहिलं होतं, ‘उक्त ब्राउज़र किसी को कुछ नहीं बताता, यह समिति ने स्वयं देखा है.’ मंगलाबाईंनी तो कागद फ्रेम करून आणला. वामनराव म्हणाले, “याची काय गरज होती?” आणि खिळा कुठे ठोकायचा यावर संध्याकाळभर विचार केला.

वाचनालयांत बहार सुरू करायच्या समारंभाला एका स्थानिक पेपरचा वार्ताहर आला होता. त्यानं विचारलं, “सर, बहार आतापर्यंत किती लोक वापरून राहिले?”

“माहीत नाही,” वामनराव म्हणाले.

“अंदाजे?”

“अंदाजही नाही. वाचनालयांबाहेर कोणीही उतरवून घेऊ शकतो. मोजायचं तर त्यांच्या यंत्रातून आमच्याकडे निरोप यायला पाहिजे. तो येऊ नये म्हणूनच तर हे सगळं केलं.”

हे वाक्य त्यांनी मोठ्या ताठ मानेनं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मथळा आला, ‘किती वापरतात, निर्मात्यालाच ठाऊक नाही’. वामनरावांनी तो पेपर घडी करून गादीखाली सरकवला. रघुनाथराव कुंपणाशी येऊन म्हणाले, “फोटो चांगला आला पण.” आता त्यांच्या कानामागे मशीन होती, न झाकता, आणि ते कुजबुजलेलंही ऐकत, त्यामुळे मंगलाबाईंना घरात जपून बोलावं लागे.

मृग बहार फुटायच्या सुमाराला वामनराव आणि मंगलाबाई रामाकोन्याला एका नातलगाकडे नामकरणाला गेले. मंगलाबाईंना शाळेचा एक कागद छापून हवा होता, म्हणून बसस्टँडजवळच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात शिरल्या. दुकान तृप्ती नावाची एक तरुण बाई चालवायची. टेबलापलीकडे एक म्हातारी बसली होती, तिचं काहीतरी काम चाललं होतं. वामनराव मागे उभे राहिले आणि त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

कोपऱ्यात संत्र्याची फुलं होती.

हे वाचनालय नव्हतं. इथं समिती नव्हती, मंजुरी नव्हती, कोणी वामनरावांना विचारलं नव्हतं. ते नीट पाहावं म्हणून दोन पावलं पुढे झाले आणि चष्मा वर सरकवून वाकले.

तृप्तीनं झटकन पडदा पलीकडे फिरवला.

“काका, तिकडे उभे राहा जी. आजीचं काम होऊन राहिलं. आजीचं तुमी कायले पाहता?”

“नाही, मी फक्त...”

“या ब्राउझरमधूनबी कोणाले काई जात नाई, म्हणून तं मी हा टाकला. अन् तुमी खांद्यावरून वाचून राहिले!”

म्हातारीनंही मान वळवून वामनरावांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिचं घरच लुटलं होतं. मंगलाबाईंनी तोंड उघडलं. हे कोण आहेत ते त्या सांगणारच होत्या. वामनरावांनी त्यांचा हात दाबला.

“चूक झाली माझी,” ते तृप्तीला म्हणाले. मग त्यांनी कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, पडद्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसले. समोरून जाणाऱ्या माणसांना काही कळेना, की हा पांढऱ्या शर्टातला गृहस्थ दुकानाबाहेर बघत एवढा छाती काढून कशासाठी बसलाय.